मामांचा खांब आणि मिठाचं पाणी

आमच्या स्टील रेलिंगच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दोन गोष्टी घेऊन येतं. एक म्हणजे मोबाइलमध्ये कुणाच्या तरी बंगल्याचा फोटो, आणि दुसरं म्हणजे खिशात लोहचुंबक. चुंबक बहुतेक वेळा फुटक्या स्पीकरमधून काढलेला असतो. तो पाइपला लावायचा, चिकटला नाही की स्टील अस्सल म्हणून समाधानानं मान डोलवायची, आणि जरासा चिकटला की माझ्याकडे असं बघायचं जसं काही मी दुधात पाणी घालते. मग शेवटचा प्रश्न ठरलेला. "वैनी, गंज तर न्हाई ना चढणार?"

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, "स्टीलला कसला आलाय गंज?" आता मी उलट विचारते, "मिठाचं पाणी कुठं लागणार हाय का?" गिऱ्हाईक हसतं. हसणारच. बीड जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? इथं गोड्या पाण्याचेच वांधे, तिथं खाऱ्याची काळजी कोण करतो? पण मीठ समुद्रातून उठून आमच्या अंगणापर्यंत येतं आणि नको तिथं जाऊन बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धारूरचा घाट उतरल्यावर रस्त्याच्या कडेला आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. नवरा वेल्डिंग करतो, मी पॉलिश करते. बाईमाणसानं बफिंगचं मशीन हातात धरलेलं पाहून सुरुवातीला लोक थांबून बघायचे. माझं म्हणणं साधं होतं. आमच्या ह्यांचं वेल्डिंग चांगलं, पण पॉलिशच्या नावानं बोंब. जोडावरचा काळा डाग तसाच ठेवून हे म्हणायचे, "झालं की, कोन बघतंय?" मी बघत होते. लग्नात आलेली भांडी मी अशी घासायचे की सासूबाईंना त्यात भांग दिसायचा, मग हा पाइप काय चीज आहे? एक दिवस मशीन हातात घेतलं ते परत दिलंच नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा (हे त्यांना आबा म्हणतात). आमच्याकडे तशीच पद्धत आहे. दोघांनी उभं आयुष्य ऊसतोडीत काढलं. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरायचा आणि कारखान्याच्या वाटेला लागायचं. मामा म्हणजे काटक माणूस. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे, तेही गप्पा मारत, असं त्यांच्या टोळीतले लोक अजून सांगतात. दुकान चालायला लागलं तसं आम्ही त्यांना तोडीला जाऊ दिलं नाही. ते घरी बसले, पण बसले म्हणजे नुसतं म्हणायचं. गुरांचं करायचे, दुकानात येऊन ह्यांच्या मापात चुका काढायचे.

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. सकाळी दात घासता घासता हातातला तांब्या पडला आणि मामा भिंतीला टेकून खाली बसले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात राहून घरी आले तेव्हा तोंड जरा वाकडं होतं, उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा. बोलणं लवकर सुधारलं. हातही हळूहळू आला, ताटातला घास तोंडापर्यंत जायला लागला. पाय तेवढा हट्टाला पेटला. डॉक्टर म्हणाले, "आधार द्या आणि चालवा. बसवून ठेवाल तर कायमचे बसतील."

आधार द्यायला आम्ही तिघंही होतो. पण मामांना आधार नको होता. दिवसभर एकवेळ चालेल, पण संडासला जाताना कुणी धरलेलं त्यांना खपत नव्हतं. आमचं संडास-बाथरूम अंगणाच्या टोकाला आहे. ओसरीवरून उतरायचं, अंगण ओलांडायचं, शेवटी एक पायरी चढायची आणि आत. मुलानं धरून नेलं तर मामा मान खाली घालून जायचे. मुलगा कामावर गेला असला आणि मी पुढं झाले तर नकोच म्हणायचे. सुनेनं आपल्याला तिकडं न्यायचं, ह्या कल्पनेनंच त्यांचा चेहरा पडायचा. आत्याबाईंचे स्वतःचे गुडघे कुरकुरत होते. त्यांच्या खांद्यावर भार टाकला की दोघंही डुलायचे.

मग मामांनी एक उपाय काढला. ते पाणी कमी प्यायला लागले. चहाला नको म्हणायला लागले. ज्या माणसाला दिवसातून कितीदा चहा दिला तरी कपाच्या तळाशी जीभ लावायची सवय, तो माणूस कप हातानं सरकवायचा. "जिभंला गोडी न्हाई," असं म्हणायचे. मला आधी खरंच वाटलं. मग एकदा उन्हाच्या वेळी तांब्या पुढं केला तर एक घोट घेतला आणि संडासच्या दाराकडे बघून तांब्या खाली ठेवला. तेव्हा मला सगळं कळलं. मी आत जाऊन रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. नंतर बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले, "दुनियेच्या जिन्याला रेलिंग करत फिरता, बापाला कावून करत न्हाई?"

दोन दिवसांत रेलिंग उभं राहिलं. ओसरीपासून अंगणातून थेट संडासपर्यंत. दार बाहेर उघडतं म्हणून रेलिंग दाराच्या अलीकडेच थांबवावं लागलं, आणि पायरीपाशी ह्यांनी एक सुटा खांब रोवला. कमरेएवढा, वर काठीच्या मुठीसारखा वाकवलेला. पायरी चढताना मामांनी तो धरायचा आणि अंग वर ओढून घ्यायचं. सगळ्यात जास्त जोर पडणार तो ह्याच खांबावर, म्हणून हे त्याच्या बुडाशी जरा जास्त वेळ बसले. खांब काँक्रीटमध्ये पुरला, आणि जमिनीलगतचा जोड दिसू नये म्हणून त्यावर स्टीलचं गोल कव्हर सरकवलं. उलटी वाटी ठेवावी तसं ते दिसतं. पॉलिश मी केलं. गिऱ्हाइकाच्या कामाला लावते त्याच्या दुप्पट वेळ लावला.

पहिल्या दिवशी मामा रेलिंगला धरून एकटे गेले आणि एकटे आले. यायला इतका वेळ लागला की आत्याबाईंनी तीनदा हाक मारली. ओसरीवर येऊन बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "च्या टाक गं बाई. साखर जास्त घाल."

आता इथून पुढं मीठ येतं.

संडासच्या भिंतीवर आमच्या बोअरच्या मोटारीचा स्टार्टर आहे, आणि त्याच्या खाली, खांबाला लागूनच, अर्थिंगचा खड्डा. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना हे सांगायला नको. खड्डा खणून त्यात पट्टी पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात, म्हणजे करंट कुठं फुटला तर माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जातो. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग काम करत नाही. म्हणून वायरमन जाताना सांगून गेला होता, "मावशी, अधूनमधून मिठाचं पाणी वतत जा."

वायरमनला काय माहीत की तो कुणाला सांगतोय! आत्याबाईंना त्याआधी एकदा नळाच्या तोटीचा झटका बसला होता. तेव्हापासून वीज म्हणजे त्यांच्या लेखी कोपलेली देवी. अधूनमधून म्हणजे त्यांनी दर शनिवार धरला. बादलीत मूठभर खडे मीठ विरघळवायचं आणि खड्ड्यात ओतायचं. नेम चुकला नाही. उपासतापास एखादवेळी मोडतील, अर्थिंग मोडणार नाही.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मामा चालायला लागले आणि येणारे-जाणारे बघून बोलायला लागले. शेजारीण एकदा कौतुकानं म्हणाली, "लई झ्याक चालत्यात की आता!" आत्याबाईंना नजर लागायची भीती वाटली. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या मुठीत धरून मामांवरून ओवाळल्या. पूर्वी हे सगळं चुलीत टाकायचं असायचं. आता घरात गॅस. पहिल्या वेळी त्यांनी ते बर्नरवर टाकलं आणि घरभर असा ठसका सुटला की आम्ही सगळे खोकत अंगणात आलो, नवरा तर म्हणाला, "दृष्ट गेली का न्हाई ते सांग, जीव जायची वेळ आली." तेव्हा आत्याबाईंनी नवी वाट काढली. ओवाळलेलं मीठ पाण्याच्या बादलीत टाकायचं आणि बादली नेऊन अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायची.

मी हसले तर म्हणाल्या, "हसायला काय झालं? मीठ वायाबी जात न्हाई. करंटबी खाली जातो, नजरबी खाली जाते."

दोन्हीही खालीच जायला हवं होतं, आणि जातही असेल. पण पाणी ओतताना आत्याबाईंचा हात थरथरतो. निम्मं पाणी खड्ड्यात जायचं आणि निम्मं खांबाच्या बुडाशी. गावात मामा जितके जास्त चालताना दिसायचे तितके लोक जास्त बोलायचे, आणि लोक जितके बोलायचे तितकं मीठ खांबाला मिळायचं.

काही महिन्यांनी मला त्या खांबाच्या कव्हरवर तांबूस ठिपके दिसले. टिकलीपेक्षाही बारीक. मी पॉलिशचा साबण लावून ते घालवले. आठवड्यात परत. पुन्हा घालवले, पुन्हा आले. मग आमच्या दोघांचं जुंपलं. हे म्हणाले, "तू तारेच्या घासणीनं घासली असशील. लोखंडाचा कण बसला की डाग पडतो." मी म्हणाले, "लोखंडाची घासणी मी दुकानात शिरू देत न्हाई, तुमच्याच वेल्डिंगमधी खोट हाय." हे म्हणाले, "मग बाकीच्या खांबांना का पडले न्हाईत? तोच पाइप, तोच हात." मी लगेच विषय त्यांच्या जेवणावर नेला. नवराबायकोचं भांडण असंच संपतं.

खरं तर उत्तर आम्हाला ठाऊक होतं, पण पुस्तकातल्या गोष्टीसारखं. पाइप देणारा व्यापारी एकदा चहा पिताना सांगून गेला होता. स्टीलवर डोळ्याला न दिसणारी एक पातळ साय असते. तीच त्याला जपते. खरचटली तरी हवेनं पुन्हा धरते. फक्त मिठाचं आणि तिचं जमत नाही. मीठ तिला बारीक भोकं पाडतं. उघड्यावर असेल, रोज धुतलं-पुसलं जात असेल तर फारसं बिघडत नाही. पण जिथं पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथं साय पुन्हा धरत नाही आणि भोक आत आत जात राहतं. वजन करा, घट लागणार नाही. लांबून बघा, चकचकीत दिसेल. ताकद मात्र गेलेली. कीड लागलेला हरभरा बाहेरून टपोरा दिसतो, एकच बारीक छिद्र असतं आणि चावला की पीठ. अगदी तसं. व्यापाऱ्यानं हेही सांगितलं होतं की समुद्राकाठी लोक तीनशे सोळा नंबरचं स्टील घेतात, ते मिठाला जास्त दाद देत नाही. आम्ही मान डोलावली आणि तीनशे चार घेतलं. समुद्र आहे कुठं?

त्या दिवशी नवरा धर्मापुरीला जिन्याच्या कामावर गेला होता. सकाळचा स्वयंपाक उरकून मी फडकं, साबण आणि सांध्यातली माती काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रेलिंग पुसायला बसले. शेवटच्या खांबापाशी आले तर कव्हर जरा हललं. एरवी ते घट्ट बसलेलं असतं. मी दोन्ही हातांनी धरून वर सरकवलं.

आत तपकिरी चिखल होता. ओला, मोहऱ्यांच्या काळ्या दाण्यांसकट. मला आधी हसू आलं, की बाई, आत्याबाईंची सगळी दृष्ट इथं येऊन बसली आहे. फडक्यानं चिखल पुसला. खाली पाइपवर ठिपके होते, एकाला एक लागून, माळेसारखे खांबाच्या भोवती फिरलेले. त्यातल्या एकावर मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं. जोर लावला नव्हता. टोक आत गेलं.

मी दुसरीकडे टेकवलं. तिथंही गेलं.

कव्हरच्या वरचा खांब असा चकाकत होता की माझंच तोंड त्यात दिसत होतं. महिनोन्‌महिने मी तो वरून उजळत बसले होते, आणि रोज सकाळी एक म्हातारा माणूस त्याच्यावर सगळा भार टाकून पायरी चढत होता. मामा पडले तर? ह्या वयात, ह्या पायानं, मागं काँक्रीटवर? हाड मोडण्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मला वेगळीच वाटली. पडले तर ते पुन्हा उठून ह्या वाटेनं येणार नाहीत. पुन्हा तांब्यातलं पाणी एक घोट पिऊन खाली ठेवतील.

मी ठरवलं की आत्ताच खांबाला फडकं बांधायचं, खुर्ची आडवी लावायची, आणि नवरा येईपर्यंत मामांना काहीतरी सांगून थांबवायचं. काय सांगायचं ह्याचा विचार करत मान वर केली तर मामा रेलिंगच्या टोकाशी उभे होते. मी खाली मान घालून काम करत असताना ते अख्खं अंगण कधी ओलांडून आले ते मला कळलंच नाही.

"मामा, थांबा!" मी ओरडले. "खांब धरू नका!"

"सरक बाजूला," मामा म्हणाले. "मला घाई हाय."

"आवं मामा, खांब सडलाय—"

"नंतर सांग गं. सरक."

माणसाला घाई झाली की त्याच्या कानात काही शिरत नाही. मी उठून उभी राहीपर्यंत त्यांनी पाऊल पायरीवर ठेवलं आणि हात खांबाच्या मुठीवर टाकला. मोठा आवाज वगैरे झाला नाही. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा झाला. खांब बुडातून तुटला आणि मामांच्या हातात आला.

मी डोळे मिटले. खरं सांगते, मिटले. ज्या क्षणी धावायला हवं होतं त्या क्षणी मी जागच्या जागी उभी होते, आणि धप्प असा आवाज यायची वाट बघत होते.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर मामा उभेच. एक पाय पायरीवर, एक खाली. हातात तुटलेला खांब, जमिनीपासून वीतभर वर अधांतरी. खांबानं त्यांना धरलेलं नव्हतं, त्यांनीच खांबाला धरलं होतं. ते स्वतःच चकित होऊन त्या तुटक्या टोकाकडे बघत होते. मी पुढं झाले तशी त्यांनी मान हलवली.

"हात लावू नको."

मग त्यांनी खांब माझ्याकडे दिला. "धर. तुज्या नवऱ्याची कारागिरी." डोळ्यांत मिस्कील चमक होती. दुसरा पाय त्यांनी उचलला. तो जड होता, जरा घासला, पण वर आला. दाराला हात लावला, उघडलं, आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी खांब छातीशी धरून अंगणात उभी. इतक्यात आत्याबाई मागून आल्या, हातात बादली. शनिवार होता. त्यांनी माझ्या हातातला खांब बघितला, बंद दार बघितलं, आणि बादली तिथंच ठेवून माझा दंड धरला. "कुठं हायेत ते?"

"आत."

"कुनी नेलं?"

"कुनी न्हाई. गेले."

आम्ही दोघी दारासमोर उभ्या राहिलो. काही वेळानं आतून आवाज आला, "दाराम्होरं कावून उभ्या हाव? जावा की तिकडं!" आत्याबाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग आम्ही ओसरीपर्यंत मागं सरलो. त्यापुढं मात्र गेलो नाही.

दुपारी हे घरी आले. तुटका खांब हातात घेऊन त्याचं टोक उलटंसुलटं करून पाहिलं. बाकीच्या सगळ्या खांबांची कव्हरं वर करून पाहिली. एकालाही काही झालेलं नव्हतं. मग अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघितलं, मोहऱ्यांचे दाणे बघितले आणि आईकडे बघितलं. मी मध्ये पडणार होते, पण त्यांनी आवाज चढवला नाही. शांतपणे मिठाचं सगळं सांगितलं. आत्याबाई ऐकत गेल्या आणि बारीक होत गेल्या.

"म्हंजी म्याच खाल्ला व्हय खांब?" त्या म्हणाल्या. "म्या तर त्यांच्या जिवासाठी वतत होते."

उत्तर दिलं ते खाटेवरच्या मामांनी. "तुजं दृष्ट काढनं लागू पडलं की. खांब पडला, मी न्हाई पडलो."

आत्याबाई लाजल्या. ह्या वयातही त्यांना लाजताना बघून मला फार बरं वाटलं. त्यांचा नेम मोडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंगच तिथून हलवलं आणि भिंतीच्या पलीकडे नेलं. तिकडे स्टील नाही, नुसती माती. तिथं पाहिजे तितकं मीठ ओता, आणि कुणाचीही नजर खाली घाला.

मला नंतरही एक गोष्ट कळत नव्हती. मामा पडले कसे नाहीत? मग उरलेलं रेलिंग पुसायला घेतलं तेव्हा पाइप पुसायच्या आधी नीट बघितला. पॉलिश करणाऱ्या बाईला बोटांचे ठसे जन्माचे वैरी. सुरुवातीला ह्या पाइपवर अख्ख्या तळव्याचे घामट डाग असायचे, ते घालवताना माझे हात दुखायचे. आता ओसरीजवळ एक तळवा उमटलेला होता आणि पुढं सगळीकडे नुसती बोटांची टोकं. मामा कधीचेच रेलिंगवर भार टाकायचे बंद झाले होते. फक्त स्पर्श ठेवून चालत होते. त्यांना ते माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. पायरीपाशी तेवढे अजून खांब धरायचे, तेही बहुतेक सवयीनं.

"आता खांब बसवायचा का न्हाई?" दोन दिवसांनी संध्याकाळी ह्यांनी विचारलं. ह्या वेळी तीनशे सोळाचा तुकडा शोधून आणला होता, कव्हरही लावणार नव्हते, बूड उघडं ठेवणार होते म्हणजे धुता-पुसता येईल आणि नजरेसमोर राहील.

"बसव की," मामा म्हणाले.

मला जरा आश्चर्य वाटलं. मला वाटलं होतं की आता नको म्हणतील, छाती पुढं काढून. पण नाही. मामा उठून खांबाच्या जागेपर्यंत गेले. रेलिंगला हात न लावता गेले, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. हे मापाची पट्टी घेऊन त्यांच्या मागं गेले.

"उंची हुती तेवढीच ठेवू ना, आबा?"

मामांनी ओसरीकडे बघितलं. ठेंगण्या आत्याबाई तिथं ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्याच वेळी त्या उठायला निघाल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंत चाचपत. तोंडातून कण्हल्याचा आवाज आला आणि त्यांनी तो पदरात दाबला. हे रोजचंच होतं. मी रोज बघत होते, हेही बघत होते. मामांच्या पायाकडे बघता बघता आमच्या कुणाच्या ते ध्यानात बसलं नव्हतं.

"चार बोटं खाली घे," मामा हळू आवाजात म्हणाले. "तिचा हात तितक्या वर जात न्हाई."

ह्यांनी पट्टी खाली केली. मी चौकटीपाशी उभी होते. बफिंगच्या मशीनची वायर सोडवून ठेवली आणि पाइप कापून होण्याची वाट बघत बसले.